टोपलीतला पारा

पारा म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, ताप आणि नवऱ्याचा राग. मला आठवते सुगंधाची माशांची टोपली. रत्नागिरीत पाणी तपासणाऱ्या एका छोट्या खासगी प्रयोगशाळेत माझा उभा जन्म गेला. निवृत्त झाले तरी आठवड्यातून दोनदा मी अजून तिथे जाते. नव्या मुलींना यंत्र चालवता येतं, पण ते रुसलं की त्याची समजूत काढता येत नाही. शिवाय घरी बसलं की ह्यांचा राग आहेच.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, काहीतरी प्रेरणादायी लिहा." ज्यांना प्रेरणा हवी असेल त्यांनी सरळ पुढच्या लेखावर जावं. मी ज्या माणसांबद्दल लिहिणार आहे त्यांच्याकडून कोणी प्रेरणा घेतली तर मला भीतीच वाटेल.

आधी आमचा धंदा काय ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. लोक पाणी आणतात, आम्ही त्यात काय आहे ते सांगतो. ऐकायला सोपं आहे. पण लोक पाणी कशातून आणतात ते विचारू नका. एका गृहस्थांनी विहिरीचं पाणी गोमूत्राच्या रिकाम्या बाटलीतून आणलं आणि अहवालात अमोनिया आला म्हणून शेजाऱ्याच्या गोठ्यावर तक्रार ठोकायला निघाले. बाटली धुतली होती का, असं विचारलं तर म्हणाले, "धुवायची कशाला? पवित्रच असते ती."

आणि गिऱ्हाइकाला आमच्याकडून हवं असतं एकच, 'आहे' किंवा 'नाही'. आता रसायनशास्त्रात 'नाही' असं काही नसतं हो. 'आमच्या पद्धतीला सापडलं नाही' एवढंच आम्ही म्हणू शकतो. हे वाक्य मी आयुष्यभर बोलत आले आणि आयुष्यभर लोकांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. वकील असं बोलला तर त्याला हुशार म्हणतात.

पाऱ्याचं तर अजून वेगळं. नुसता पारा म्हणजे ती चकाकणारी, हातातून पळणारी गोळी. ती पाण्याच्या तळाशी जाऊन बसते. आम्ही शोधतो तो पाऱ्याचा आयन, म्हणजे पाण्यात विरघळून गेलेला पारा. मिठाचा खडा डोळ्यांना दिसतो, आमटीतलं मीठ दिसत नाही. आम्ही आमटीतलं मीठ शोधणारी माणसं. फरक एवढाच की आम्हाला चव घेऊन बघता येत नाही.

हा फरक मी राजापूरच्या एका सद्गृहस्थांना समजावायचा प्रयत्न केला होता. त्यांनी कुठूनसं पाऱ्याचं शिवलिंग आणलं होतं आणि ते अस्सल असल्याचं प्रमाणपत्र त्यांना हवं होतं. जन्मात पहिल्यांदाच कोणीतरी पारा निघावा म्हणून देव पाण्यात घालून आलं होतं, तेही अक्षरशः. अभिषेकाचं पाणी बाटलीत घेऊन आले होते. मी पट्टी बुडवली, ती पांढरीच राहिली.

"म्हणजे पारा नाही? फसवलं की मला!"

"काका, मूर्तीत असेल. पाण्यात उतरलेला नाही. तुम्ही हे तीर्थ पिता ना? मग आनंद माना."

"असेल म्हणजे काय? तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला एक धड सांगता येत नाही?"

जाताना आमची प्रयोगशाळा नास्तिक आहे असं म्हणून गेले. मी म्हटलं, हे एक बरं झालं, निदान काहीतरी खात्रीने सांगितलं कोणीतरी.

आता ही पट्टी म्हणजे काय ते ऐका, कारण सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. तिला कागदोपत्री 'रासायनिक संवेदक' म्हणतात. आम्ही पट्टीच म्हणतो. बोटाएवढा पांढरा कागद, त्यावर एक रंगद्रव्य बसवलेलं. त्या द्रव्याच्या रेणूत एक कडी बंद असते, तोपर्यंत त्याला रंग नसतो. पाऱ्याचा आयन आला की तो ती कडी उघडतो, आणि पट्टी लगेच गुलाबी होते. अगदी झकास, लग्नातल्या फेट्यासारखी गुलाबी.

पण ही पट्टी म्हणजे दारातला कुत्रा आहे. चोर आला की भुंकतो हे खरं, पण पोस्टमन आला तरी भुंकतो. पट्टीचा पोस्टमन म्हणजे आंबट. पाणी फार आंबट असलं तरी ती कडी उघडते आणि पट्टी तितकीच गुलाबी होते. म्हणून पट्टी बुडवण्याआधी पाण्याचा आंबटपणा मारावा लागतो. हे पाकिटावर लिहिलेलं असतं. पाकिटावरचं वाचायचं असतं, हे मात्र कुठे लिहिलेलं नसतं.

आणि दुसरी गोष्ट. माशात जो पारा असतो तो पाण्यात मोकळा हिंडत नाही. तो माशाच्या मांसाला घट्ट धरून बसलेला असतो. म्हणजे चोर घरात जावई होऊन बसलेला. कुत्रा त्याच्यावर भुंकतच नाही. तो शोधायचा तर माशाचा तुकडा जळजळीत ॲसिडमध्ये बंद भांड्यात पार विरघळवावा लागतो, मग त्यातल्या पाऱ्याची वाफ करून ती मोठ्या यंत्रात न्यावी लागते. थोडक्यात, माशाला पट्टी लावून पारा आहे की नाही हे कळत नाही. पट्टी गुलाबी झाली तरी नाही, पांढरी राहिली तरी नाही.

हे एवढं ज्याला कळलं तो आमच्या अण्णांपेक्षा हुशार.

अण्णा म्हणजे आमच्या भागातले निवृत्त अधिकारी. मुंबईत नोकरी केली, इथे येऊन खाडीच्या तोंडाशी बंगला बांधला आणि बंगल्याचं काम संपल्यावर हाताला काही काम उरलं नाही. असा माणूस गावाला फार धोकादायक. काहीजण भजनी मंडळ काढतात, ते परवडतं. अण्णांनी पर्यावरण काढलं. कुठल्याशा प्रदर्शनातून त्यांनी या पट्ट्यांचं खोकं आणलं आणि दिसेल त्या पाण्यात बुडवत सुटले. शेजाऱ्याची विहीर झाली, देवळाची तळी झाली, शाळेची टाकी झाली. बुडवायचं, फोनवर चित्रण करायचं, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं. सगळीकडे पट्टी पांढरी यायची आणि अण्णांचं तोंड उतरायचं.

खाडीच्या वरच्या अंगाला एक कारखाना आहे. त्याचं पाणी एका नाल्यातून खाडीला येतं. त्या नाल्याबद्दल सगळ्यांना संशय आहे, आणि तो संशय अगदीच वेडगळ आहे असं मी म्हणणार नाही. मी एकदा अण्णांना म्हटलं होतं, एवढी हौस आहे तर तिथे बुडवा पट्टी. ते म्हणाले, "गेटवर वॉचमन असतो हो, आत सोडत नाही." सुगंधाच्या टोपलीवर वॉचमन नव्हता.

सुगंधा ही खाडीपलीकडच्या वाडीतली. नवरा होडीवर, ही बाजारात. तिच्या टोपलीत बोय, तांबोशी, कधी कोळंबी, सगळं खाडीचं, सकाळी पकडलेलं. मी शाकाहारी, तरी मला हे ठाऊक, कारण आमच्या बिल्डिंगमधली निम्मी माणसं तिच्याकडून घेतात आणि ती मासे द्यायला आली की माझ्याकडे पाणी प्यायला थांबते. बिल्डिंगमध्ये तिचं नाव होतं ते एका खुबीमुळे. तिच्या माशांना वास यायचा नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना मासा हवा असतो, वास नको असतो. सुगंधा कापलेले तुकडे एका बादलीत धुऊन द्यायची आणि त्या बादलीचं पाणी ती कोणाला पाहू द्यायची नाही. बाजारातल्या बाकीच्या बायका म्हणायच्या, औषध घालते मेली.

तर अण्णांनी एके दिवशी भर बाजारात तिच्या त्या बादलीत पट्टी बुडवली. पट्टी गुलाबी झाली.

माणसाला आयुष्यात पहिल्यांदा यश मिळालं की तो कसा दिसतो ते त्या चित्रफितीत पाहून घ्यावं. "मित्रांनो," अण्णा म्हणतायत, आवाज भरून आलाय, "आज जे भय होतं ते खरं ठरलं आहे." मागे सुगंधा तोंड उघडं टाकून उभी. तिला वाटलं होतं अण्णा बोयी घ्यायला आलेत.

संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत पार पाली गावापर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशीपासून सुगंधाची टोपली भरलेली येऊन भरलेली परत जाऊ लागली. गंमत बघा हं. त्याच खाडीतली, त्याच होडीतली मासळी तिची जाऊ दोन बाकडी सोडून विकत होती आणि तिच्याकडे रांग. कारण जावेच्या बादलीत कोणी पट्टी बुडवली नव्हती. लोकांच्या लेखी पारा खाडीत नव्हता, सुगंधाच्या टोपलीत होता.

बाजारातली जागा म्हणजे काय असतं ते बाजारात न बसणाऱ्याला कळायचं नाही. सुगंधाची जागा तिच्या सासूची, तिच्याही सासूची. त्या जागेवर रोज कोणी बसलं नाही तर दुसरी कोणीतरी बसते, आणि एकदा बसली की ती उठत नाही. तेव्हा सुगंधा रोज येऊन बसायची. माशा हाकलायची आणि घरी जायची. नवरा म्हणायला लागला, आता तू घरीच बस, वैनी विकेल आपलं पण. म्हणजे मासे विकले गेले असते, पण सुगंधा संपली असती.

ती प्रयोगशाळेत आली ती बादलीसकट. आमच्या काउंटरवर दणकन बादली ठेवली.

"बाई, ह्यात काय हाय ता बगा. हाय तर हाय म्हना, मी धंदा सोडतंय. नाय तर त्या मेल्याच्या तोंडावर नाय म्हना."

मी पट्टी बुडवली. गुलाबी! खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही अण्णाच बरोबर वाटले. मग मी नाक बादलीजवळ नेलं. माशाचा वास नाहीच. एक हिरवट, दात आंबवणारा वास.

"सुगंधा, पाण्यात काय घालतेस तू?"

तिने बादली स्वतःकडे ओढली.

"हे बघ, मी काही मासे विकायला बसणार नाही तुझ्या शेजारी."

ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "बिंबलं."

बिंबलं ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. बोटभर लांब, हिरवी, काकडीच्या पिल्लासारखी फळं. आमच्याकडे परसात झाड असतं. चावली तर कान हलतात इतकी आंबट. सुगंधा ती ठेचून, रस गाळून बादलीत घालायची. त्यानेच माशाचा वास मरायचा. सासूने शिकवलेली युक्ती, सख्ख्या जावेलासुद्धा सांगितली नव्हती.

मी इतकी हसले की नव्या मुली आतून धावत आल्या. आंबटपणा मोजायचा कागद त्या पाण्यात घातला, तो लालबुंद झाला. थोडा खायचा सोडा टाकून आंबटपणा मारला आणि नवी पट्टी बुडवली. पांढरी शुभ्र. ती पट्टी मेलेली तर नाही ना म्हणून त्याच पाकिटातली दुसरी घेऊन साध्या पाण्यात आमच्या बाटलीतल्या पाऱ्याच्या द्रावणाचा थेंब टाकून पाहिला, लगेच गुलाबी. म्हणजे कुत्रा शाबूत होता. पोस्टमनवर भुंकला होता एवढंच.

"म्हंजे माज्या बिंबलान् ह्या झाला?" सुगंधा खुर्चीत बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "सासू बगता असंल वरना. म्हनत असंल, हिला एक बादली सांबाळता येईना."

तिला मी सांगितलं की आजपासून बिंबलं बंद. तुकडे साध्या पाण्यात धुवायचे, वास येऊ दे आला तर. ते तिने ऐकलं.

मग मी त्याच दिवशी अण्णांकडे गेले. मला वाटलं होतं, शिकलेला माणूस आहे, पाच मिनिटांत उमजेल. काय ती माझी समजूत! अण्णा व्हरांड्यात बसले होते, फोनवर त्यांच्या चित्रफितीला किती अंगठे आले ते बघत. मी कडी, आंबटपणा, बिंबलं, पोस्टमन, सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमच्या प्रयोगशाळेत त्या कारखान्याचं पाणी तपासायला येतं ना?"

"येतं. मग?"

"मग काही नाही. मी फक्त विचारलं."

असं म्हणून चहा पुढे केला. इतका संताप आला मला! मी चहा न घेता उठले. कारखान्याने बाटलीत भरून पाठवलेलं पाणी आम्ही तपासतो, ते नेहमी देवघरातल्या पाण्यासारखं निर्मळ असतं, आणि ते नाल्यातूनच भरलंय का हे विचारायचा अधिकार आम्हाला नाही, हे माझं जुनं दुखणं. त्यावर नेमकं बोट ठेवून त्या माणसाने मला वाटेला लावलं. मूर्ख माणूस असा अधूनमधून बरोबर बोलतो, म्हणून तर त्याच्याशी भांडता येत नाही.

आता मी हट्टालाच पेटले. सुगंधाच्या टोपलीतली बोय आणि तांबोशी मी स्वतः निवडून आणली. जन्मात माशाला हात न लावलेली मी, हातमोजे घालून तुकडे केले, ॲसिडमध्ये विरघळवले, मोठ्या यंत्रात घातले. यंत्राने त्याच दिवशी रुसायचं ठरवलं होतं, त्याचीही समजूत काढली. आलेलं उत्तर चोख होतं. माशात पारा होता, अगदी किंचित, जेवढा आजकाल कुठल्याही समुद्रातल्या माशात असतोच तेवढा. खाण्याला कायद्याने जी मर्यादा आहे तिच्या कुठल्याकुठे खाली. मला आनंद झाला. मी म्हटलं, आता सगळ्यांना बाजारातच सांगते.

इथे माझ्या शिक्षणाने माझा घात केला.

बाजारात सकाळची गर्दी होती. सुगंधाच्या बाकड्यापाशी उभी राहून मी मोठ्याने सांगितलं की पट्टी आंबटपणामुळे गुलाबी झाली होती, बिंबलाच्या रसाने. आणि आता खरी तपासणी केली आहे, मासे खायला काही हरकत नाही.

एकजण म्हणाला, "म्हणजे पारा नाही ना?"

'नाही' म्हणायचं होतं मला. देवाशपथ, जिभेवर होतं. पण इतक्या वर्षांची सवय. मी म्हटलं, "किंचित असतो. सगळ्याच माशांत असतो. मर्यादेच्या खूप आत आहे."

पुढे आलेल्या पिशव्या पुन्हा मागे गेल्या. मग मागून एक बाई म्हणाली, "आहे म्हणतायत बघा. स्वतः मॅडमच म्हणतायत."

"अहो, तसं नाही—"

"तुम्ही खाता का मासे, मॅडम?"

"मी शाकाहारी आहे."

"मग तुमचं काय जातंय!"

झालं. त्या दिवसापर्यंत फक्त सुगंधाची टोपली परत जात होती. माझ्या भाषणानंतर जावेची पण परत गेली, बाजारातल्या सगळ्या बायकांची गेली. सगळ्याच माशांत असतो म्हणाले ना मी! कोंबडीवाल्याने मला बघून हात जोडले. सुगंधाचं बिंबलाचं गुपितही मी चारचौघांत फोडलं होतं, ते वेगळंच. तिने टोपलीवर ओलं फडकं टाकलं आणि बसून राहिली. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तुला कोणी सांगितलं होतं खरं बोलायला?" चाळीसेक वर्षांच्या संसारात ह्यांचं एक वाक्य मला पटलं असेल तर ते हे.

त्यानंतर पाऊस लागला, होड्या वर ओढल्या गेल्या, बाजार तसाही मंदावला. सुगंधा सुकी मासळी घेऊन बसायची, जागा सोडली नाही. पावसाळा सरत आला, समुद्र उघडला, नव्या मासळीची पहिली होडी आली आणि अण्णा पुन्हा बाजारात उगवले, पट्टी घेऊन, पोराटोरांसकट. सुगंधाच्या बादलीत पट्टी बुडवली. बादलीत आता साधं पाणी होतं. पट्टी पांढरी आली.

"मित्रांनो," अण्णा फोनकडे बघून म्हणाले, "आपल्या जनजागृतीला यश आलं आहे. आपली खाडी पुन्हा शुद्ध झाली आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकेकाने पिशव्या काढल्या. दुपारच्या आत सुगंधाची टोपली रिकामी. जिने मला विचारलं होतं, मासे खाता का, तीच बाई दोन तांबोशी घेऊन गेली. मी तिथेच उभी होते, भाजीची पिशवी घेऊन. माझ्या यंत्राचं कोणाला काही पडलं नव्हतं, आणि अण्णांच्या त्या बोटभर कागदाने माझ्या डोळ्यांदेखत खाडी शुद्ध करून दाखवली होती.

मी तोंड उघडणार एवढ्यात सुगंधाने माझा हात धरला. ओला, खवल्यांनी भरलेला हात.

"बाई, तुमी काय बोलू नका. पाया पडतंय."

"अगं, तो खोटं बोलतोय. खाडी तेव्हाही तशीच होती, आत्ताही तशीच आहे."

"ठाव हाय ना मला. पन तुमी बोललाव की मासं इकत नाय, तो बोलला की इकतंत. मी काय करू?"

मी भाजीची पिशवी सावरली आणि घराकडे वळले.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिलं नसतं. पण बाजारातल्या मासेवाल्यांनी अण्णांचा सत्कार ठरवला. बायकांनी मिळून ठरवला, कारण अण्णा खूश राहिले तर पट्टी पांढरी राहते हे त्यांना कळून चुकलं होतं. आणि सुगंधा माझ्याकडे आली. शाल-श्रीफळ माझ्या हातून द्यायचं.

"माझ्या हातून? वेड लागलंय का तुला?"

"तुमच्या हातना दिलात म्हंजे लोकांना वाटंल की आता सगल्यांचा एक झाला. मंग कुनी परत इचारनार नाय."

कोणी परत विचारणार नाही. तेच तर मला बोचत होतं हो! खाडी शुद्ध झाल्याचं एकदा जाहीर झालं की नाल्यात पट्टी बुडवायला, यंत्र लावायला, काही म्हणायलाच कोण जाणार? कारखान्याच्या वॉचमनला आता खुर्चीत झोपायला हरकत नव्हती. मी गप्प राहिले तर सुगंधाची जागा राहते, आणि बोलले तर एखाद्या दिवशी कोणीतरी नाल्याकडे बघेल, कदाचित. पण 'कदाचित'वर मी तिची टोपली पणाला लावणार होते की काय? तशी एकदा लावून झाली होती.

गेले मी सत्काराला. बाजाराच्या मागच्या मोकळ्या जागेत मांडव होता, माईक होता, कारखान्यातले एक साहेबही आले होते, पहिल्या रांगेत, पांढऱ्या शर्टात. अण्णा फेटा बांधून बसले होते. गुलाबी. मी शाल त्यांच्या खांद्यावर घालताना वाकले आणि कानाशी म्हटलं, कारण तेवढं म्हटल्याशिवाय मला अन्न गेलं नसतं, "अण्णा, तो रंग बिंबलाचा होता."

फोटोवाला समोर होता. अण्णांनी हसू जराही ढळू दिलं नाही. ओठ न हलवता म्हणाले, "ठाऊक आहे मला. आमच्या परड्यात झाड आहे. तुम्ही सांगून गेलात ना, त्याच संध्याकाळी बुडवून पाहिली."

"त्याच संध्याकाळी?"

"हो."

म्हणजे माझं ते भाषण, सुगंधाची रोज भरलेली परत जाणारी टोपली, तो सबंध पावसाळा, सगळं त्यांना माहीत असताना. माझे हात शालीवर तसेच राहिले. मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?"

"आता तुम्ही बोलताय का?" अण्णा म्हणाले. "माईक तिथे आहे."

मी माईककडे पाहिलं. सुगंधा बायकांच्या घोळक्यात पुढे उभी होती, नवं लुगडं नेसून, आणि माझ्याकडेच बघत होती. पहिल्या रांगेतले साहेबही बघत होते.

फोटोवाला म्हणाला, "मॅडम, थोडं हसा."

मी हसले. फोटो छान आलाय. सुगंधाने तो तिच्या बाकड्यामागे भिंतीला लावलाय. रत्नागिरीला आलात तर बाजारात जाऊन बघा, आणि मासे तिच्याकडूनच घ्या.